सोबत कोण आहे?

मंगळवार, १२ मार्च १९९६. मलकपेठ.

हात अजून पिवळाच. डोळ्याच्या नसेला रक्त नीट पोचतं का, हे पाहायला आज शिरेत पिवळं औषध टोचून डोळ्यांचे फोटो काढले. सोबत कोणी नसेल तर टोचत नाहीत, म्हणून ठोकून दिलं, मुलगा बाहेर बसलाय. बसलाय खरा, पण अमेरिकेत, कॉम्प्युटरपुढे!

फोटो झाल्यावर नर्सनं दारातून हाक मारली, "अम्मा के साथ कौन है?" कोणीच उठेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "मैं हूँ. आओ अम्मा, संभालके."

त्यानं हाच पिवळा हात धरून रिक्षात बसवलं. डोळ्यांत थेंब घातलेले, फोटोच्या उजेडानं दिपलेले. चेहरा दिसलाच नाही. कोण असेल?

रिपोर्ट शुक्रवारी. हाताचा पिवळेपणा मात्र उद्याच उतरेल म्हणे. इतक्यात कशाला?