सकाळची गार गाडी

५ जानेवारी

चि. भाऊजींना अ. आ. वि. वि.

वयाने तुम्ही मोठे, पण मानाने मी मोठी, तेव्हा आशीर्वाद मुकाट्याने घ्या.

तुमच्या गॅरेजात गावभरच्या गाड्या बऱ्या होतात आणि सख्ख्या भावाची मोटारसायकल माझ्या अंगणात आजारी पडलीय. हे गेल्यापासून दोन वर्षं ती पत्र्याखाली उभी. मी रोज पुसायचे, पण पुसून गाडी चालत नाही हे आता कळलं.

बातमी अशी, की तुमच्या पुतणीला डोंगरावरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागलीय. एक तारखेला हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाते. तिथे वस्त्यावस्त्यांवर फिरायचं, वर बस जात नाही. म्हणून बाईसाहेब बापाची गाडी नेणार. चालवता येते, बापानेच शिकवलीय.

आता गाडीची तब्येत. कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकतं. भर उन्हात कशीबशी सुरू झाली तर दोन ठसके देऊन बंद. गिअर टाकला की इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी मुंगीसारखी सरकते. अगदी तुमच्यासारखं, आवाज मोठा आणि काम बेताचं. मध्यंतरी मी क्लचच्या डब्यात तेल ओतलं होतं. शिलाई मशीनला घालते तेच, मायेनं, जरा सढळ हातानं.

नाही सुधारली तर पोरगी घरीच राहील, मला काय तोटा? पण तिचं उतरलेलं तोंड बघवत नाही. उपाय कळवा. लोभ आहेच, तो गंजू देऊ नका.

तुमची वहिनी


९ जानेवारी

ती. वहिनींस, सा. न. वि. वि.

आशीर्वाद निमूट घेतले. मी स्वतःच आलो असतो, पण जॅक निसटून पायावर आला आणि पाय प्लास्टरमध्ये आहे. हसू नका.

त्या गाडीचा क्लच कोरडा असतो. त्याला तेल घालणं म्हणजे साबणावर उभं राहून ओझं ओढणं. झाकण खोला, स्प्रिंगा सोडवा, प्लेटा ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेवा. रॉकेलने धुवा, कोरड्याठाक करा, परत बसवा. वायरला थोडी ढील राहू द्या.

कार्बोरेटर उतरवून खालची वाटी काढा. जुन्या पेट्रोलचा डिंक झाला असणार. त्यानेच आतला तरंगता डबा अडकतो, म्हणून पेट्रोल ठिबकतं. बारीक भोकाचा जेट असतो, तो फुंकून साफ करा. तुम्ही शिंपीणबाई, म्हणून आधीच सांगतो, त्यात सुई घालायची नाही. भोक मोठं झालं की गाडी कायमची खादाड होते.

पुतणीला आशीर्वाद. तुमचं चिडवणं असंच चालू ठेवा, प्लास्टरमध्ये तेवढाच विरंगुळा.

तुमचा लंगडा दीर


१७ जानेवारी

लंगड्या भाऊजींना अ. आ. वि. वि.

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. प्लेटा धुऊन चिमटे लावून कपड्यांच्या दोरीवर वाळत घातल्या. शेजारचे पोस्टमन कुंपणावरून विचारत होते, की वहिनी, आज काय धुतलंत. म्हटलं, नवऱ्याची अंतर्वस्त्रं. त्यानंतर ते फिरकले नाहीत.

जेटमध्ये सुई घातली नाही. नायलॉनचा दोरा ओवून काढला. दोऱ्याला तुम्ही मनाई केली नव्हती.

दुपारी उन्हात पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. क्लच असा धरतो, की पोरगी फाटकापर्यंत जाऊन आली आणि तोंडभर हसली. पण सकाळी, गार असताना, काही केल्या सुरू होत नाही. रोज उजाडलं की किक मारत बसते. गुडघा सुजलाय. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. दवाखान्यात तर सकाळीच निघावं लागणार, मग अशी गाडी काय कामाची, असं तीच काल म्हणाली. तिकडे कळवून टाकते, की दुसरी कोणी बघा, असंही म्हणाली.

असं का होत असेल? मला बापडीला काय कळतं.

पाय जपा, जीभ मोकळी असू द्या.

तुमची वहिनी


२१ जानेवारी

ती. वहिनींस, सा. न. वि. वि.

तुम्ही बापड्या कधीपासून झालात? तिथेच मला शंका आली.

गार इंजिनाला सुरू होताना हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. चोकची झडप कार्बोरेटरचं तोंड झाकते, ती त्यासाठी. त्या गाडीची झडप दादाच्या लग्नाआधीच तुटली होती. बसवून देतो म्हणून मी किती मागे लागलो, तर म्हणायचा, आमच्याकडे घरचा उपाय आहे. आणि दादा कधी एकटा मुक्कामाला आला नाही, तुम्ही बरोबर असायच्याच. इतकी वर्षं मी ते प्रेम समजत होतो.

सकाळी तो किक मारायचा आणि तुम्ही पलीकडे वाकून कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात ठेवायच्या, बरोबर ना? मग आता खिडकीत का उभ्या आहात?

रागावत नाही. ते घर किती रिकामं होईल ते मला कळतं. पुतणीला मी लिहिणार नाही. सोबत जुन्या सामानातली झडप पाठवतोय. दोन स्क्रू आहेत. बसवायची की नाही ते तुम्ही ठरवा.

लोभ वाढवा, कमी तर तुम्हाला करताच येत नाही.

तुमचा दीर


१ फेब्रुवारी

चि. भाऊजी, अ. आ. वि. वि.

पकडलंत. प्रेम होतंच हो, फक्त त्याला पेट्रोलचा वास यायचा. ह्यांनी कधी अत्तर आणलं नाही, म्हणायचे, तुझ्या हाताला आहे की.

तुमची झडप दोन दिवस पिठाच्या डब्यात लपवली. तिसऱ्या दिवशी पोरगी नोकरी नको म्हणून कळवायला निघाली. पायात चप्पल घालत होती, तेव्हा माझ्याने राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. ती दारात बसली आणि म्हणाली, आई, मला माहीत होतं. शाळेचं दप्तर भरताना रोज बघायचे तुम्हा दोघांना. मग गुडघा का सुजवून घेतलास, विचारलं, तर म्हणाली, तू आपणहून हात पुढे करतेस का ते बघत होते. तुझा हात नसता मिळाला तर गेले नसते.

झडप मीच बसवली, मशीनच्या स्क्रूड्रायव्हरने. तिला हात लावू दिला नाही.

आज सकाळी कडाक्याची थंडी होती. पत्र्याची पेटी मागे बांधली, डबा दिला, क्लच झटक्याने सोडू नकोस म्हणून दहादा सांगितलं. तिने चोकची झडप बंद केली आणि किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली, भाऊजी. माझा हात मात्र सवयीने पुढे गेला होता. तो तसा अधांतरी बरा दिसेना, म्हणून तसाच वर केला आणि ती वळणाआड होईपर्यंत हलवत राहिले.

प्लास्टर निघालं की या. घरात दोन ताटं मांडायची सवय आहे.

तुमची वहिनी