डोमाजींचा दुपट्टा

नेर, ३ मार्च २०२५

चि. सौ. पायल हिस,
बाबांचा सप्रेम जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

इकडे सारे खुशाल. पत्र पाहून घाबरू नको. फोन केला की तुही सासू स्पीकर लावते अन् अर्ध्या नेरले आपल्या घरची गोष्ट ऐकू जाते, म्हणून लिहून राह्यलो.

अमरावतीचा दवाखाना तुले कायम करून राह्यला, यवतमाळच्या दवाखान्यातूनही बोलावणं आलं, अन् महिनाअखेर जबाब द्याचा आहे, असं माह्या राजदीपनं सांगतलं. अवं पोरी, यात विचार कायचा? तुहा नवरा यवतमाळात कूलर अन् मोटारीच्या दुरुस्तीचं दुकान घेऊन बसला आहे. तिथली हवा थंड, माणसं साधी. अमरावती म्हणजे नुसती गर्दी अन् दुपारची भट्टी. म्या सारा जनम यवतमाळ-अमरावती गाडीवर तिकिटा फाडल्या, मले कोणी शिकवू नये.

आपल्या नेरच्या स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून खांद्यावरचा दुपट्टा टाकून सीट धरतात. दुपट्टा पडला की जागा त्याची, मंग आमदार आला तरी उचलत नाही. राजदीपनं तसाच यवतमाळात तुह्यासाठी दुपट्टा टाकला समज. तुह्या सासूचं म्हणणं, पोरीले विचारा तरी. म्हणून विचारून राह्यलो. 'हो' लिहून पाठव.

माया आहे तशी असू दे.

तुहा बाबा,
डोमाजी


अमरावती, ९ मार्च २०२५

आदरणीय बाबांस,
पायलचा सविनय जयभीम.

पत्र वॉर्डातच वाचलं आणि मोठ्यानं हसले, तर मोठ्या सिस्टर रागावल्या. बाबा, उत्तर तुम्हीच सांगता आणि वरून विचारता!

खरं लिहू? मला इथं राहावंसं वाटते. माझी ड्युटी नवजात बाळांच्या वॉर्डात आहे. मुठीएवढी लेकरं काचेच्या पेटीत असतात, त्यांना चमच्यानं दूध पाजता पाजता जीव गुंततो. त्यातलं एक परवा आईच्या कुशीत घरी गेलं, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. यवतमाळच्या कामात दिवसभर केसपेपर लिहायचे आहेत.

पण राजदीपना विचारलं की तू म्हणशील तसं, एवढंच बोलतात. त्यांचं बसलेलं दुकान उठवलं तर लोक म्हणतील, सून आली आणि पोराले ओढून घेऊन गेली. तुम्हीही मनात तेच म्हणाल, याची मला जास्त भीती वाटते. म्हणून मीच ठरवलं, यवतमाळ घेते. महिनाअखेरीस इथं नाही म्हणून कळवीन.

आईंना सांगा, येताना इथला दह्यातला गिला वडा आणते. गुडघ्याला तेल लावायला विसरू नका. रागावू नका, लोभ कमी करू नका.

तुमची सून कमी, पोरगी जास्त,
पायल


नेर, १९ मार्च २०२५

चि. सौ. पायल हिस,
गुन्हेगार बाबाचा जयभीम.

तुह्या पत्रानं माही भूकच उडाली. ताट सरकवलेलं पाहून तुह्या सासूनं, पंचफुलानं, कारण विचारलं, म्या पत्र वाचून दाखवलं. पंचफुला लय बोलली मले. जनमभर परक्या बायालेकरायले जागा करून देल्ली अन् घरची पोरगी काहून उभी ठेवता, असं तोंडावर म्हटलं तिनं. तरी माहा हेका कायम. अमरावतीत राहण्यासारखी खोलीच भेटत नाही हे दाखवून देतो म्हणून, तुले न सांगता, रविवारी दोघं तिथं गेलतो. राजदीपलेही बोलावलं.

तुह्या दवाखान्यामागच्या गल्लीत इंदुताई नावाच्या बाईची तळमजल्याची खोली रिकामी होती. बाई कुलूप उघडून राह्यली होती अन् म्या बाहेरूनच नावं ठेवून राह्यलो होतो. नळाची धार बारीक, भिंतीले ओल. तेवढ्यात दुसरं एक जोडपं खोली पाहाले आलं. मंग काय झालं मले मालूम नाही पोरी. माह्या हातानं खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् खिडकीतून आत फेकला!

सारे पाहतच राह्यले. राजदीप तं पोट धरून हसला. इंदुताईचं माहेर निघालं आपल्या नेरजवळच्या बोरी अरबचं, तिले काही समजवा लागलं नाही. जागा तुमची झाली म्हणे. ते जोडपं कुरकुरत गेलं.

येताना गाडीत तुह्या नवऱ्याचं तोंड उघडलं. म्या नाराज होईन म्हणून गधा गप्प होता! कूलर काय एकट्या यवतमाळातच बिघडतात, अमरावतीच्या उन्हात तं दुप्पट बिघडतील, असं आता म्हणते. हे आधी नाही बोलाचं? लोकायचं तू मनावर घेऊ नको. सुनेनं पोरगा नेला असं कोणी म्हटलं तं म्या सांगीन, जागा बापानंच धरून देल्ली.

अमरावतीले हवा नाही ते नाहीच, हे माहं म्हणणं कायम आहे.

दुपट्टा अजून तिथंच पडला आहे. नवा आहे, घेऊन या म्हणून सासू मागं लागली आहे. पण कंडक्टर असताना म्या दुसऱ्याचा दुपट्टा कोणाले उचलू देल्ला नाही, आता सोताचा उचलू? दवाखान्याले 'हो' कळव, अन् तूच जाऊन उचल.

लोभ दोन्ही शहरायच्या मधी, नेरच्या स्टँडवर उभा आहे. येता-जाता उतरत जा.

तुहा बाबा,
डोमाजी