गाडी खाली करायची होती

१६ एप्रिल, गुरुवार

सुट्टी. आमच्या चाकणच्या कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, जगाची रविवारी. म्हणजे कॉलनीत दिवसभर मी, भंगारवाला आणि पेन्शनर लोक. कपडे धुतले. वरण पुन्हा जास्त झालं. डाळ अजून तिघांच्या मापानंच पडते हातातून.

दुपारी सुरेखाचा फोन, माहेराहून. तिच्या आईला आता काठी धरून न्हाणीपर्यंत जाता येतं. चांगलं झालं. दिवाळीनंतर आईंची एक बाजू गेली, तेव्हा 'दोन महिन्यांत येते' म्हणून तनूला घेऊन गेली होती. घरात दुसरं कुणी नाही, जाणं भागच होतं. मग आता कधी, विचारलं. बघू म्हणाली. तनूला फोनवर यायचं नव्हतं, शेळीचं पिल्लू धरून बसली होती. बरं.

२१ एप्रिल, मंगळ.

पहिली शिफ्ट. कंपनीच्या बसमध्ये शेजारी निलेश, पेंट शॉपचा. त्यानं त्याची गाडी विकली. तिच्यात घालायला आणलेल्या स्प्रिंगा खोक्यात तशाच पडून आहेत, माझ्याच मॉडेलच्या. मूळच्यापेक्षा बुटक्या, कडक. घातल्या की गाडी दीड इंच खाली येते. म्हणाला, "भावा, तुझी गाडी उंटावानी उभी असते राव. खाली कर आणि गुरुवारी ताथवड्याला ये." तिथं आमच्यासारखी गुरुवारवाली पोरं गाड्या घेऊन जमतात, चहा पितात.

मला उंटाचं काही नव्हतं. चहाचं होतं. सुट्टीच्या दिवशी कुणाशी तरी बोलणं होईल. हो म्हणालो.

२३ एप्रिल, गुरु.

खोकं आणलं. चार स्प्रिंगा, लाल भडक. स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडून बघितल्या. सु. असती तर स्प्रिंगांबरोबर मलाही बाहेर काढलं असतं.

गाडीचं कव्हर काढलं. त्या दोघी गेल्यापासून बॅटरी उतरू नये म्हणून फक्त चालू करतो, चालवत नाही. आत सगळं त्या दिवशीचं. वल्लभनगरच्या स्टँडवर सोडायला गेलो होतो त्या दिवशीचं. मागच्या सीटवर तनूची उशी, सु.चा स्वेटर, चिक्कीचे कागद, एकच पायमोजा. मागच्या काचेवर तनूच्या हाताचे तेलकट ठसे. कधी पुसली नाही काच. कुणी विचारलं असतं तर आळस म्हणालो असतो. आळस नाही.

२७ एप्रिल, सोम.

नेहरूनगरला सलीमभाईंच्या गॅरेजवर गाडी लावली. वडिलांपासूनचं गॅरेज, माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. स्प्रिंगा बघून हसले. करून देतो म्हणाले, पण उद्या गतिरोधकावर खालचं ऑइल चेंबर घासून तेल सांडलं तर माझ्या नावानं बोंबलायचं नाही. दोन दिवस त्यांना दौंडला जायचंय, लग्न आहे. आल्यावर बघू म्हणाले. पण मला आता दम निघेना, गुरुवार जवळ आला.

२९ एप्रिल, बुध.

लिहायला बसवत नाही, तरी लिहितो.

सकाळी बसमधून सलीमभाईंना फोन केला. ते अजून लग्नातच. गॅरेजवर त्यांचे मेहुणे अन्वरभाई होते, गोरखपूरहून नुकतेच आलेले, त्यांचा नंबर दिला. त्यांना मी माझ्या दिव्य हिंदीत सांगितलं, "वो सफेद गाडी आज खाली करके रखो, शाम को आता हूँ." हो जाएगा म्हणाले.

संध्याकाळी गेलो. गाडी तेवढीच उंच. चाकावर चार बोटं जागा होती, ती तशीच चार बोटं. स्प्रिंगांचं खोकं उघडलेलंसुद्धा नाही. अन्वरभाई फडकं झटकत पुढं आले. "एकदम खाली कर दी साहब. शीशे भी चमका दिए."

आमच्याकडं खाली म्हणजे खाली. त्यांच्याकडं खाली म्हणजे रिकामी.

गाडी रिकामी केली त्यांनी. मन लावून केली. उशी, स्वेटर, पायमोजा, सगळं सिमेंटच्या गोणीत, वर सुतळीनं गाठ. कागद टाकून दिले. सीटा झाडल्या. मागची काच तर इतकी स्वच्छ की पलीकडच्या टायरवाल्याचा बोर्ड आरपार वाचता येत होता.

त्यांच्यावर काय रागवायचं? सांगितलं ते केलं, वर जास्तीचं केलं. थँक्यू म्हणालो. गाडी तिथंच ठेवून, गोणी खांद्यावर टाकून घरी आलो. जिन्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, गावाकडनं ज्वारी आली वाटतं. हो म्हणालो.

गोणी दाराशी आहे, सोडली नाही. रडलो आज. लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच म्हणेन की नव्हतो रडलो.

२ मे, शनि.

सेकंड शिफ्ट, त्यामुळं सकाळी मोकळा. सलीमभाई आलेत. खाली-खालीचा किस्सा ऐकून आधी पोट धरून हसले, मग माझ्या तोंडाकडं बघितलं. काही न विचारता कामाला लागले. मी हाताशी. पुढचा शॉकअप अख्खा काढावा लागतो. स्प्रिंग शिकंज्यात दाबून धरायची आणि हळूहळू मोकळी करायची. निसटली तर जबडा घेऊन जाते, म्हणून ती निघेपर्यंत कुणी बोलत नाही. मागच्या दोन सोप्या. जेवणाच्या आत चारही बसल्या. अलाइनमेंट करून घेतली. चाकावर आता दोन बोटं.

खरं सांगायचं तर देखणी दिसते. कंपनीत जाईपर्यंत खूश होतो.

७ मे, गुरु.

ताथवडे. सात-आठ गाड्या, सगळ्या जमिनीला चिकटलेल्या. पोरं चांगली आहेत. माझ्या गाडीभोवती फिरली, वाकून बघितलं, 'कडक' म्हणाली. तेवढं झालं की जो तो आपापल्या गाडीशी. निलेश रील काढत होता. एकानं विचारलं, फॅमिली कुठं असते? म्हणालो, येतील जूनमध्ये. असं सांगितलं, जणू तिकीटच काढलंय.

चहा दोन झाले. घरी पिलो असतो तरी दोनच झाले असते.

तिथूनच सु.ला गाडीचा फोटो पाठवला. बघितला तिनं.

८ मे, शुक्र.

सु.चा फोन. चिडलेली नव्हती, तेच वाईट. म्हणाली, "छान दिसतीय. पण आमच्या गावात येती का ती आता?"

फाट्यापासून तिच्या घरापर्यंतचा रस्ता डोळ्यापुढं आला. मुरूम, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, मधे हा एवढा उंचवटा. उंच होती तेव्हासुद्धा तिथं बूड घासायचं. मी म्हणालो, अगं, ते डोक्यातच आलं नाही.

"तेच म्हणते मी. डोक्यातच आलं नाही."

मग सांगितलं की तनूचं नाव तिथल्याच शाळेत घालणार, पहिलीत. मास्तर विचारून गेलेत, महिनाअखेर कळवायचंय. तू काही करशील असं दिसत नाही आणि मला असं मधेच लोंबकळत राहायचं नाही म्हणाली. नाव पडलं की वर्ष तिथं. एक वर्ष तिथं म्हणजे पुढचीही तिथंच, हे मला कळतंय. इथं मग मी आणि वरण.

आणि मी काय म्हणालो? बरं. बरं म्हणालो! दुसरा शब्दच सुचला नाही गाढवाला.

१३ मे, बुध.

कॉलनीच्या गेटवरच्या गतिरोधकावर बूड घासलं. वॉचमन धावत आला, त्याला वाटलं काहीतरी पडलं. आता तिथून तिरकी काढतो, एकेक चाक. मागचे हॉर्न मारतात. मारा.

झोप नाही नीट. जेवण डब्याचं सुरू केलं, वरणाचा विषय संपला.

२१ मे, गुरु.

ताथवड्याला गेलो नाही. निलेशनं एकदा फोन केला, उचलला नाही, परत केला नाही त्यानं.

दिवसभर एकच विचार. सु. अडकली आहे आईंमुळं. मग आईंनाच इथं आणायचं. हॉस्पिटल चालत जाण्याएवढं जवळ. खोली लहान आहे, मी हॉलमध्ये झोपेन. सहा महिने हे सुचलं कसं नाही मला? पण आई जुन्या वळणाच्या, लेकीच्या घरी राहत नसतात म्हणतात. सु.च्या घरी पाणीसुद्धा अवघडून पितात. जावयानं समोर जाऊन, तोंडानं 'चला' म्हटलं तर कदाचित. फोनवरचं म्हणणं त्यांच्या हिशेबी म्हणणंच नव्हे.

आणि एसटीनं गेलो तर जावई भेटायला आला असं होईल. गाडी घेऊन गेलो तर न्यायला आला असं.

२५ मे, सोम.

सलीमभाईंना म्हणालो, जुन्या स्प्रिंगा परत घाला. ते म्हणाले घालतो, पण ईद आहे, अन्वरभाईही गेलेत, पुढच्या आठवड्यात. तोवर महिना संपतो. आणि दुसरं गॅरेज शोधत बसलो तर 'बघू, बघू' करत मी इथंच बसेन. स्वतःला ओळखतो आता.

आहे तशी नेणार. चौघं बसलो तर मागचं चाक मडगार्डला घासेल. घासू दे. हळू आणीन.

२८ मे, गुरु.

फाटा. चहाच्या टपरीवर बसून लिहितोय.

पहाटे निघालो. सोलापूर रोडला काही त्रास नाही, पुढं प्रत्येक गावात दोन दोन गतिरोधक, प्रत्येकाला तिरकी. बूड चार-पाचदा घासलं. प्रत्येक वेळी उतरून खाली वाकून बघितलं. तेल नाही. इथं वळलो, वीस पावलं आत घातली आणि उंचवट्यावर टेकली. रिव्हर्स घेऊन परत फाट्यावर लावली. टपरीवाला म्हणाला, पाहुणं, गाडी बसली का काय? म्हटलं, बसवून घेतलीय. त्याला काही कळलं नाही.

सु.ला फोन लावला. सगळं ठरवून आलो होतो काय बोलायचं, तोंडातून एवढंच आलं, "न्यायला आलोय. तुला, तनूला. आईंनापण. त्यांना मी विचारतो, तू मधे बोलू नको."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज तेवढा. मग तिनं विचारलं, कुठं आहेस? फाट्यावर. गाडी आत येत नाही. चालत येतो.

"चालू नको उन्हाचं. थांब तिथंच, मी येते."

येते म्हणजे काय, ते विचारलं नाही. मला घ्यायला येते, की इथूनच वाटेला लावायला येते, की बॅग भरूनच येते... आवाजावरून काही कळलं नाही. इतक्या वर्षांचा संसार आणि आवाज ओळखता येईना. भीती वाटतेय. चहा गार झालाय.

लांब वळणावर धूळ दिसतेय. स्कूटी आहे. तीच चालवतेय, हिरवी ओढणी. पुढं पायापाशी काहीतरी आहे. तनू उभी आहे का बॅग ठेवलीय, ते इथून दिसत नाही.