अकराव्या पानावरचे संत्रे

प्रिय रोहितदादा,

तुला पत्र लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, याची मला खात्री नाही. म्हणून आधीच क्षमा मागते. धाकट्याने थोरल्याला चार गोष्टी लिहून कळवाव्यात, अशी आपल्या घरात रीत नाही. परंतु फोनवर तू भरभर बोलतोस, मी ‘हो’ म्हणते, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात येते की त्यातल्या एखाद्या गोष्टीला मला ‘नाही’ म्हणायचे होते. परवाही तसेच झाले. पुढच्या रविवारी तू गाडी घेऊन येशील, बाबांना पुण्याला नेशील. सोमवारी मी धारणीच्या शाळेत रुजू होईन. अमरावतीच्या घराला कुलूप लागेल. या सगळ्याला मी हो म्हटले आणि ते मनापासून म्हटले. धारणीत एका खोलीत राहून, दिवसभर शाळा करून बाबांना सांभाळणे मला जमणार नाही, हे मी स्वतःला केव्हाच सांगितले आहे. पण शेवटी तू म्हणालास, "आणि ते जुन्या पुस्तकांचं पोतं पाठवू नको. ईराला धुळीनं दम लागतो. इकडे पाहिजे तेवढी नवी घेऊ." त्यालाही मी हो म्हटले. तुझ्या लेकीचा दमा मी पाहिलेला आहे, तुझे म्हणणे चूक नाही. तरी हे पत्र त्या एका ‘हो’विषयी आहे.

दहावीनंतर तू पुण्याच्या वसतिगृहात गेलास, त्यामुळे बाबांचा एक उद्योग तुझ्या फारसा पाहण्यात आला नाही. शेंदूरजनाघाटकडच्या संत्र्याच्या बागा घेऊन ते माल अकोला, अकोट, मूर्तिजापूरच्या बाजारात पोहोचवत, हे तुला ठाऊक आहे. बाजारातले काम आटोपले की बाकीचे व्यापारी चहाला जात आणि बाबा पुस्तकांचे दुकान शोधत. देवाधर्माचे किंवा शाळेच्या पुस्तकांचे दुकान त्यांना चालत नसे. रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, चित्रांची कॉमिक्स जिथे दोरीला टांगलेली असतील, तेच दुकान. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मला बरोबर नेत. दुकानदाराला सांगत, "पोरीसाठी पाहून राह्यलो," आणि परतीच्या एसटीत खिडकीशी बसून स्वतः वाचून काढत. पुस्तक माझ्या हाती येई तेव्हा म्हणत, "खून दिवानजीनंच केला हाये, तू वाच आता आरामात." आई असेपर्यंत तिला हेच माहीत होते की प्रणालीला कॉमिक्सचे फार वेड आहे. मी वर्गात पहिली येत असल्यामुळे मला ते माफ होते.

या दुकानांत पुस्तके भाड्यानेही मिळत. नेहमीच्या वाचकांना नावे लक्षात राहत नसत, कारण सगळी नावे एकसारखीच: काळी सावली, काळा हात, काळी हवेली. म्हणून प्रत्येकाने आपली एक खूण ठरवलेली असे. वाचून झाले की ठरलेल्या पानावर ती काढायची. पुन्हा तेच पुस्तक हाती आले की ते पान उघडून पाहायचे. कोणी त्रिशूळ काढी, कोणी फुली, एक शिक्षक आपली सहीच करत. बाबांची खूण अकराव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात असे: एक लहान वर्तुळ आणि त्याच्या डोक्यावर एक रेघ. देठासकट संत्रे. आपल्या बसस्थानकामागच्या गल्लीतले बुधाजीकाका पेनाने खूण करू देत नसत. त्यांच्या गल्ल्याजवळ दोऱ्याने बांधलेली शिसपेन्सिल असे. बाबांना तीच सवय लागली, ते खिशातही शिसपेन्सिलच ठेवू लागले.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या आजाराचे नाव सांगितले तेव्हा तू आला होतास. त्यानंतरचे महिने मी तुला फोनवर ‘ठीक आहे’ या दोन शब्दांत कळवत गेले. ठीक म्हणजे असे की सकाळचे जेवण ते संध्याकाळी विसरत, आणि हाती पुस्तक असले की दुपारभर शांत बसत. पुस्तक नसले की उठून दाराची कडी काढत. म्हणून मी त्यांना बुधाजीकाकांकडे नेऊ लागले. तिथे बाबा एकेक पुस्तक उचलत, अकरावे पान उघडत आणि मिटून ठेवत. "हे वाचलं हाये." दुसरे. "हेही वाचलं हाये." बुधाजीकाका आधी हसले. म्हणाले, "भगवंतराव, तुमी तं माह्यं अख्खं दुकानच वाचून टाकलं. आता मीच लिहून देऊ का तुमाले एखादं?" बाबाही हसले. मग मी एक पुस्तक त्यांच्या हाती देऊन विचारले की यात काय होते, ते सांगता का. त्यांना एक ओळ आठवली नाही. मी म्हटले, मग पुन्हा वाचा. त्यांनी मला ते संत्रे दाखवले, आणि शाळेतल्या मंद मुलीला समजावतात तशा आवाजात म्हणाले, "पोरी, हे काय मी उगाच काढलं का?" त्यांचा स्वतःवरचा विश्वास गेला आहे दादा, पण त्या खुणेवरचा गेलेला नाही. त्या क्षणी मला रडू यायला हवे होते. मी छत्री उचलली आणि त्यांना घरी आणले.

नंतर मी तेच केले जे आपल्याकडे माल न मिळाल्यावर करतात: दुसऱ्या बाजारात गेले. महिन्यातून एकदा अकोल्याला डॉक्टरांकडे जायचेच होते. परतताना कधी मूर्तिजापूरला उतरू लागलो, एकदा अकोटपर्यंतही गेलो. तुझ्या हे लक्षात आले नसेल, पण या जिल्ह्यांत बाबांना अनोळखी असे दुकान उरलेले नाही. मूर्तिजापूरला स्टेशनसमोर माणिकबाईंचे वह्या-कंपासचे दुकान आहे, मागच्या फळीवर अजून जुनी पुस्तके आहेत. तिथेही अकराव्या पानावर संत्रे. मी माणिकबाईंना त्या खुणेविषयी सांगितले तेव्हा त्या बाबांकडे बघतच राहिल्या. "हे यायनं काढलं होय व माय? मी तं समजत होती का हे छापूनच येते. ज्याच्यात संत्रं हाये ते पुस्तक बरं निघते, म्हनून गिऱ्हाइकाले मी तेच देत होती इतकी वर्षं." बाबा गंभीरपणे म्हणाले, "बरोबर देत होत्या तुमी. खराब पुस्तक मी पुरं वाचतच नाही, तं खून कायची करतो?" बाई पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले असावे. आम्ही तिथून रिकाम्या हाताने निघालो.

अकोल्याला एक नवे दुकान झाले आहे, ते मला आपल्या शेजारच्या मुलींच्या वसतिगृहातून कळले. जिना चढून वर जावे लागते. शिवम नावाचा मुलगा ते चालवतो; इंजिनिअर आहे, नोकरी सोडून आला. भिंतींवर कॉमिक्स, आणि मधल्या टेबलांवर पटाचे खेळ: फासे, पत्ते, लाकडी सोंगट्या. कॉलेजची मुले तासन्‌तास खेळत बसतात. मला अशा ठिकाणी पाऊल टाकायलाही संकोच वाटतो, पण बाबा सरळ जाऊन एका रिकाम्या खुर्चीवर बसले. त्या पटावर उंटांचा काफिला एका बाजारातून दुसऱ्या बाजारात माल नेत होता. एकाने विचारले, "काकाजी, खेळता का? बोली लावा." बाबा म्हणाले, "माल पाहिल्याशिवाय मी भाव सांगत नसतो." सगळे हसले आणि एकीने मालाची लाकडी सोंगटी त्यांच्या तळहातावर ठेवली. बाबांनी ती नाकाशी नेली. "याले तं वासच नाही," म्हणाले, आणि अगदी कमी भाव सांगितला. ती फेरी त्यांनीच जिंकली. पुढच्या फेरीत त्यांना खेळ आठवेना. पुन्हा माल मागितला, पुन्हा वास घेतला, पुन्हा तेच म्हणाले. मुले पुन्हा तितकीच हसली. मला ओशाळे झाल्यासारखे वाटून मी शिवमची माफी मागू लागले, तर तो म्हणाला, "अवं ताई, माफी कायची? यायचा दर डाव पयलाच असते. आमाले तं जळन होऊन राह्यली." हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले.

शिवमकडे एका कोपऱ्यात रद्दीतून आलेल्या मराठी रहस्यकथांचा गठ्ठा होता, कुठल्या तरी दूरच्या गावचा. त्यात संत्रे नव्हते. बाबांनी एसटीत बसताक्षणी अकरावे पान पाहिले, खिडकीकडे सरकले आणि अमरावती येईपर्यंत मान वर केली नाही. दिवाळीपर्यंत तो गठ्ठा पुरला. तू पाठवलेली नवी गुळगुळीत पुस्तकेही मी देऊन पाहिली. बाबा ती चाळतात आणि पाहुण्याची वस्तू असावी तशी जपून बाजूला ठेवतात. त्यांना तो पिवळा कागद लागतो.

गठ्ठा संपल्यावर ती दुपार आली, जिच्याविषयी तुला सगळे माहीत आहे; म्हणजे बाबा हरवले आणि बसस्थानकावर सापडले, एवढे. ते कसे सापडले हे मी सांगितले नव्हते. ते अकोटच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले होते. कंडक्टर बाई मला म्हणाल्या, "पुस्तकाचं दुकान पाहाले चाललो म्हनतात, ताई. मी म्हटलं कोनतं दुकान, तं म्हनतात, जे वाचून नाही झालं ते." बाई चांगल्या होत्या, त्यांनी गाडी थांबवून ठेवली होती. प्रवासी कुरकुरत होते. मी बाबांचा हात धरला आणि ते निमूट उतरले. त्याच आठवड्यात धारणीच्या नेमणुकीचा आदेश आला, आणि तू म्हणालास, आता बाबा माझ्याकडे. मी हो म्हटले. तेव्हापासून मला काही वाटेनासे झाले आहे. मी भांडी घासते, पेटी भरते, शेजारच्या आशाबाई विचारतात, "करमंल का व तुले तिकडे?" त्यावरही मी हो म्हणते. हे दुःख असते तर मी ओळखले असते, असे वाटते.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. बसस्थानकावरून आल्यावर मी एकटीच बुधाजीकाकांकडे गेले आणि बाबांची वाचून झालेली पुस्तके मागितली. त्यांनी पोते भरून दिली. हेच ते पोते. घरी मी खोडरबर घेऊन बसले आणि अकराव्या पानावरची संत्री एकेक करून पुसली. दुसऱ्या दिवशी बाबांनी पान उघडले, कोपरा पाहिला, खुर्ची उजेडाकडे ओढली आणि वाचू लागले. दिवाणजी पकडला गेला तेव्हा मला हाक मारून सांगितले. संध्याकाळी त्यांनी संत्रे काढले; ते आंघोळीला गेल्यावर मी पुसले. तेव्हापासून रोज असेच चालू आहे, आणि ते कडी काढायला उठलेले नाहीत. दादा, पुस्तके मी गच्चीत उन्हात वाळवली आहेत, एकेक कोरड्या फडक्याने पुसून झाकणाच्या डब्यात भरली आहेत. डबा बाहेरच्या गॅलरीत ठेव, ईराच्या खोलीत नको. डबा गाडीत ठेवू दे, एवढे मागते. पुसण्याचे काम साधनावहिनींवर टाकू नकोस, तू स्वतः कर. कागद विरला आहे, रबर एकाच दिशेने फिरव, जोर लावू नकोस, आणि चुरा फुंकून टाक, नाहीतर त्यांना संशय येतो. हे तुम्ही वाचले आहे, असे त्यांना कधी म्हणू नकोस. दिवाणजीचे नाव ते सांगायला आले की नवल कर. आणि पुढे एक दिवस असा येईल की तू पुसायला विसरशील, बाबा पान उघडतील, संत्रे पाहतील आणि तरीही वाचत राहतील, कारण ते कोणी काढले हे त्यांना कळणार नाही. त्यानंतर खोडरबराची गरज उरणार नाही. त्या दिवशी मला फोन करू नकोस, कारण फोनवर मी हो म्हणेन. लिहून कळव.

तुझीच धाकटी,
प्रणाली

अमरावती मुख्य डाकघरातून स्पीड पोस्टाने रवाना: शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे.