फुलाखालची भेग

१४ मे, सकाळचे सव्वासहा. चहा निवेपर्यंत लिहितो.

ती. आईस साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. दोर जाड आहे, दोन माणसं धरतात. घोर लावून घेऊ नकोस.

कड्यावरचे दगड हातोडीने ठोकून पाहायचे आणि घट्ट असेल त्यावर खडूने ‘पक्का’ लिहायचं, हे माझं काम. काल एका थोरल्या दगडावर लिहिलं, दोन्ही ‘क’ नीट जोडून. तेवढ्यात शेजारी करंगळीच्या नखाएवढं पांढरं फूल दिसलं, मधोमध पिवळं, रानशेवंतीसारखं. चिमूटभर माती नाही, तरी कातळातून वर आलेलं! मी पाहतच राहिलो.

कौतुकाने मुकादमांना सांगितलं, तर ते ओरडले, “अरे शहाण्या, फूल आहे म्हणजे मूळ आहे, मूळ आहे म्हणजे भेग आहे! पूस आधी!”

पुसलं. खाली जेवायला बसलेल्यांना उठवलं. पहार नुसती टेकवली आणि दगड सुटला. फूल मात्र मागच्या कातळाला धरून तसंच हलत होतं. आई, केवढं ते, आणि किती खोल गेलेलं!

बाबांचा खोकला कसा आहे? त्यांच्या उशाच्या भिंतीतून रोप उगवलंय, असं तू आनंदाने लिहिलंस. रोप राहू दे. बाबांची खाट आजच हलव.

तुझा धाकटा