आईच्या बरणीतलं मीठ

पणदरे, ११ सप्टेंबर २०२५, गुरुवार. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. दूध संकलन केंद्रातले शेवटचे कॅन धुऊन उपडे घातले आणि लिहायला बसलो.

प्रिय ताई,

घरी सगळे बरे आहोत. आईच्या गुडघ्याची सूज उतरली. काळी गाय व्याली, कालवड झाली. दुधाला फॅट कमी लागली की आप्पासाहेब अजून माझ्याशीच भांडतात.

आई सांगेल त्याआधी मीच सांगतो. गेले तेवीस दिवस मी अळणी जेवत होतो. आई म्हणाली, "ताईसाठी उपास धरलास व्हय रं?" मी हो म्हणालो. ते खोटं होतं.

जूनमध्ये तू कळवलंस, की सुदानच्या तुमच्या छावणीत कॉलरा वाढलाय, लढाईमुळे रस्ते बंद, जलसंजीवनीच्या पुड्या संपल्या. साखर-मीठ मुठीनं मोजता आणि प्रत्येक नर्सची मूठ वेगळी. म्हणून मी इंदापुरात पत्र्याचं काम करणाऱ्या बाबूलालचाचांकडून चाळीस चमचे घडवून घेतले. एका टोकाला साखरेची वाटी, दुसऱ्या टोकाला मिठाची, लिटरभर पाण्याला लागणाऱ्या बरोबर तीन ग्रॅमची. चाचा म्हणाले, "सोनं मोजतो काय रे?" तुला तिकडे धाडणाऱ्या पुण्याच्या संस्थेनं पेटी तुझ्याकडे पाठवली.

१९ ऑगस्टला आईच्या बरणीतलं खडेमीठ संपलं. तिनं दुकानातून बारीक मीठ आणलं. मी सहज नमुन्याच्या चमच्यात भरून तोललं. साडेचार ग्रॅम.

ताई, माप मी आईच्या खडेमिठावर ठरवलं होतं. तुमच्याकडे मीठ बारीक. जास्त मिठानं लहान मुलांचा जीवही जातो, हे तूच मला सांगितलेलं. तुझा फोन लागेना. संस्थेत जाऊन सांगितलं, तर त्यांचाही संपर्क तुटलेला. घरी सांगायची हिंमत झाली नाही. समोर ताट आलं की मला ती मुलं दिसायची; मीठ तोंडात घालवेना.

काल दुपारी फोनवर तुझा आवाजातला निरोप आला. बावीस सेकंद. तो मी सतरा वेळा ऐकला.

"अव्या, मी बरी हाय. चमचं मिळालं. पाजायच्या आधी आमी चाखतोच, खारट लागलं. मग मिठाच्या वाटीत मेण वितळवून माप बरोबर केलं. एकाबी लेकराला जास्त गेलं न्हाय. येड्या, मीठ आईच्या बरणीतलं घेतलंस न्हवं?"

मी केंद्रातच खाली बसलो. आप्पासाहेब म्हणाले, "काय रं, दूध नासलं का काय?"

"न्हाय आप्पा," म्हणालो, "समदं वाचलं."

संस्थेचा माणूस उद्या निघतोय. त्याच्याबरोबर हे पत्र आणि मधल्या दिवसांत चाचांकडून घडवून घेतलेले नवे चाळीस चमचे. बारीक मिठानं प्रत्येक तीनदा तोललाय. तरी आधी चाखून बघ.

काल रात्री आईला सगळं सांगितलं. तिनं माझ्या ताटात मीठ वाढलं आणि मी खाईपर्यंत बसून राहिली.

आता चवीनं जेवणारा,
तुझा अव्या