लाडवांच्या डब्यातली बावडी

लष्कर, ग्वाल्हेर
२१ मे १९५३

ती. अक्कास नमस्कार.

तुझा भाऊ इथे खाऊनपिऊन बरा आहे आणि रोज अंघोळ करतो, एवढं आईला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

या नव्या मध्य भारताचं सरकार थंडीत ग्वाल्हेरला असतं आणि उन्हाळ्यात इंदूरला. म्हणजे पाणीटंचाईवर सल्ला द्यायला मला ज्यांनी आणलं, ते साहेब टंचाईच्या दिवसांत इथे नसतातच. लांबून नवा नळ आणण्यापेक्षा आधी जुन्या बावड्यांचा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींचा, गाळ काढा, असं मी जानेवारीत सांगितलं. साहेबांनी एकीत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "पानी तो है, आगाशेजी."

आता तिच्या तळाला भेगा पडल्यात. येऊन बघा म्हणून लिहिलं, तर उत्तर आलं की थंडीत आल्यावर समक्ष पाहू. शेवटी वैतागून मी तळाची सुकी ढेकळं आईच्या लाडवांच्या डब्यात भरून इंदूरला पाठवली. तिकडून कळवलंय, नमुन्यात पाणी आढळले नाही, सबब दुसरा नमुना पाठवावा.

घरमालकीण विजयाबाई स्वतः तांब्याभर पाण्यात भागवतात आणि मला, परगावचा म्हणून, बादली भरून देतात. नको म्हटलं की रागावतात. मी हातपाय धुतो आणि त्या पूजेला बसल्या की उरलेलं पाणी हळूच त्यांच्या हंड्यात ओततो.

आपल्या आडाला पाणी कितपत आहे? खरं लिही.

आणि अंघोळीचं ते वाक्य आईला जरा ठासून वाच.

तुझा,
दामू